विद्यार्थ्यांचा कॅमेरा आणि घराजवळचे बालपण

चित्रपट काढणे ही एके काळी विद्यार्थ्याच्या आवाक्यातील गोष्ट नव्हती. फिल्मची रिळे, भाड्याचा कॅमेरा, प्रयोगशाळेचे बिल यांचा हिशेब मांडतानाच हौस विरून जात असे. आज तोच कॅमेरा प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये आहे. मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंतच्या महाविद्यालयांत लघुपट हा आता अभ्यासक्रमाचा आणि महोत्सवांचा नेहमीचा भाग होऊन बसला आहे. साधन इतके स्वस्त झाले ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु साधन स्वस्त झाले म्हणून विषयही सोपा झाला, असे मात्र झालेले नाही. एकतर्फी प्रेम, परीक्षेचा ताण, मोबाइलचे व्यसन आणि शेवटी एक बोधवाक्य, या चौकटीबाहेर पडणारे लघुपट अजूनही थोडेच दिसतात.

२५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय गृहस्थाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली गुदमरून अंत झाला. तो प्रसंग रस्त्यावरच्या एका शाळकरी मुलीने आपल्या मोबाइलवर टिपला आणि सारे जग हादरले. आपल्याकडील तरुणांनीही त्या वेळी निषेध नोंदविला, आणि तो मनापासूनचाच होता. अमेरिकेत काळ्या कातडीनिशी वाढणाऱ्या मुलाचे बालपण कसे असते, याविषयी आपल्या विद्यार्थ्यांना कुतूहल वाटते, हे सुलक्षणच आहे. पण ज्या कळकळीने आपण त्या मुलाकडे पाहतो, त्याच कळकळीने आपल्या इमारतीचा जिना झाडणाऱ्या बाईच्या मुलाकडे पाहतो काय? दूरच्या अन्यायाविषयी बोलण्यास धाडस लागत नाही. तेथे आपले कोणी दुखावत नाही आणि आपल्याला स्वतःला काही सोडावे लागत नाही.

वस्तुतः या दोन बालपणांचे नाते महाराष्ट्राने फार पूर्वीच ओळखले आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे त्यांच्या समाजाच्या वतीने गेलेल्या निवेदनाची मागणी केली. अस्पृश्यांची स्थिती आणि अमेरिकेतील निग्रोंची स्थिती यांतील साम्य त्यांनी त्या पत्रात स्पष्टपणे नमूद केले होते. पुढे १९७२ मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’ उभी राहिली, तिने नावच मुळी अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले. म्हणजे आपल्या पूर्वसूरींनी अमेरिकेकडे पाहिले ते आपले घर अधिक स्वच्छ दिसावे म्हणून. घराकडे पाठ फिरविण्यासाठी नव्हे.

चित्रपटाच्या क्षेत्रातही या दृष्टीने एक उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. चार्ल्स बर्नेट हा कृष्णवर्णीय तरुण लॉस एंजेलिसच्या वॉट्स या वस्तीत वाढला. कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत असताना त्याने पदवीसाठी ‘किलर ऑफ शीप’ हा कृष्णधवल चित्रपट केला. खर्च दहा हजार डॉलरांहूनही कमी. चित्रीकरण मुख्यतः शनिवार-रविवारी. नट म्हणजे बहुतेक ओळखीपाळखीची माणसे. कथा म्हणावी तर कत्तलखान्यात राबणाऱ्या एका थकलेल्या बापाची. पण लक्षात राहतात ती मोकळ्या, भकास जागेत दगडफेकीचा खेळ खेळणारी आणि एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उड्या मारणारी मुले. १९७७ मध्ये पूर्ण झालेल्या या चित्रपटातील गाण्यांचे हक्क विकत घेण्यास पैसे नव्हते. त्यामुळे तो चित्रपटगृहांत रीतसर लागण्यास २००७ साल उजाडले. त्याआधीच, १९९० मध्ये, अमेरिकेने त्याला राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करावयाच्या चित्रपटांच्या यादीत स्थान दिले होते. या चित्रपटात भाषण नाही, खलनायक नाही, अखेरीस तोडगाही नाही. ज्या वस्तीत आपण वाढलो ती वस्ती उन्हात कशी दिसते, एवढेच त्या विद्यार्थ्याने दाखविले, आणि तेवढे पुरले.

असेच उदाहरण आपल्याकडेही आहे. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात वाढलेले नागराज मंजुळे अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचे शिक्षण घेत होते. तेथे अभ्यासाचा भाग म्हणून त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेची ओढ लागलेल्या, पण परिस्थितीने भलत्या वाटेवर ढकलल्या जाणाऱ्या उपेक्षित समाजातील मुलाची ही गोष्ट. या विद्यार्थी-लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर २०१३ मध्ये आला ‘फँड्री’. गावकुसाबाहेर राहणारा शाळकरी जब्या सहाध्यायांच्या डोळ्यांदेखत डुकरे धरण्यास जुंपला जातो. मारलेले डुक्कर घेऊन ते कुटुंब जाते ते भिंतीवर रंगविलेल्या थोर समाजसुधारकांच्या चित्रांसमोरून. भिंतीवर सुधारक आणि भिंतीपुढे ती वरात: या एका दृश्याने जे सांगितले ते डझनभर परिसंवादांना सांगता आलेले नाही. हे प्रतिभेमुळे साधले हे खरेच. पण ते जीवन आतून माहीत असल्याने साधले, हेही तितकेच खरे.

येथे अमेरिका आणि महाराष्ट्र यांतील एक मोठा फरक ध्यानात घ्यावयास हवा. तेथे भेदाची खूण कातडीवर असते आणि कॅमेऱ्याला ती आपोआप दिसते. आपल्याकडची खूण चेहऱ्यावर नसते. ती आडनावात असते, पत्त्यात असते, उच्चारात असते, आणि वर्गात शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी नावे पुकारली जातात त्या क्षणी ती उघडी पडते. बाबुराव बागूल यांनी १९६३ साली आपल्या कथासंग्रहाला ‘जेव्हा मी जात चोरली होती’ असे नाव दिले. कातडीचा रंग चोरता येत नाही. जात चोरता येते, आणि ती चोरून जगणाऱ्या मुलाच्या मनात पकडले जाण्याची जी धास्ती असते, तिचे चित्रण करणे हे कोणत्याही दिग्दर्शकास आव्हान आहे. “पूर्ण नाव काय?” हा साधा प्रश्न आणि उत्तरापूर्वीची दोन क्षणांची शांतता: एवढ्यावर एक लघुपट उभा राहू शकतो. त्यासाठी लॉस एंजेलिसला जावे लागत नाही.

मुलुंडचेच पाहा. पश्चिमेस राष्ट्रीय उद्यानाच्या पायथ्याशी आदिवासींचे पाडे आहेत. पूर्वेस मिठागरे आहेत आणि त्यांच्या कडेला १९६७ पासून २०१८ पर्यंत शहराचा कचरा पोटात घेणारी कचराभूमी आहे. पन्नास वर्षे या उपनगराने तिच्या दुर्गंधीविरुद्ध तक्रारी केल्या, आणि त्या रास्तच होत्या. परंतु त्या ढिगाऱ्यांवर कचरा वेचणाऱ्या घरांतील मुलांचे बालपण कसे गेले, हे कितीजणांनी विचारले? मुलुंडहून लोकलने निघाले की मध्ये चार स्थानके सोडून घाटकोपर येते. तेथील रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर गोळीबार होऊन दहा माणसे मृत्युमुखी पडली. त्या घटनेपासून सुरू झालेला आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा होण्यास चौदा वर्षे लागली. त्या वस्तीत त्या वर्षी जन्मलेली मुले आज संसारास लागण्याच्या वयाची आहेत. त्यांचे वाढणे कोणी टिपले आहे काय?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, जुन्या जखमा उगाळता कशाला? याचे उत्तर सरळ आहे. जखम जुनी झाली की नाही हे ज्याला ती झाली त्याने सांगावयाचे असते, पाहणाऱ्याने नव्हे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सुस्थितीतील विद्यार्थी वस्तीत जाणार, चार भकास दृश्ये टिपणार, त्यावर करुण संगीत चढविणार आणि ढाल घेऊन परतणार. हा दुसऱ्याच्या दारिद्र्यावरचा व्यापार नव्हे काय? होय, तो तसा होऊ शकतो. कळवळा हा अन्यायाहून थोडाच कमी अपमानकारक असतो. म्हणूनच प्रश्न विषयाचा नाही, कॅमेरा कोणाच्या हातात आहे याचा आहे.

महाविद्यालयांना यात बरेच करता येईल. वस्तीतून, पाड्यांतून येणारा विद्यार्थी गटात असेल तर त्याला दिवे धरण्यास न लावता दिग्दर्शनाची संधी प्रथम द्यावी. मात्र त्याने आपल्या जातीवरच चित्रपट काढावा असा आग्रह धरू नये, कारण ते त्याच्या मर्जीवर आहे. एका सत्राच्या घाईऐवजी वर्षभराचा अवधी द्यावा. कॅमेरा हाती देण्यापूर्वी ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘आयदान’ ही पुस्तके वाचून घ्यावीत. ज्यांच्यावर लघुपट काढला त्यांना तो सर्वांत आधी दाखवावा आणि त्यांनी नको म्हटलेले दृश्य गाळावे. शिक्षकांनी आणखी एक करावे: ‘वाद होईल’ या भीतीने विषय बदलावयास लावू नये. वादाला भिणाऱ्या वर्गात सुबक चित्रे निर्माण होतील, खरी होणार नाहीत.

अमेरिकेतील मुलाचे दुःख आपल्या विद्यार्थ्यांना कळते याचा आम्हांस आनंदच आहे. ते खरोखर कळले असेल, तर त्याची परीक्षा परदेशी नव्हे, शेजारच्या बाकावर होईल. त्या बाकावरच्या मुलाला आपले पूर्ण नाव मोकळेपणाने सांगता येते की नाही, हा प्रश्न कोणाही विद्यार्थ्याच्या पहिल्या लघुपटाला पुरून उरण्याजोगा आहे.