एम्प्लॉयमेंट कार्ड गेलं, पोर्टल आलं. नोकरीची खबर अजून ओळखीवाल्यांनाच

आपल्या आईवडिलांच्या पिढीत दहावी-बारावी झाली की पहिलं काम म्हणजे एम्प्लॉयमेंटमध्ये नाव नोंदवणं. नूतनीकरण चुकलं तर सिनिऑरिटी जायची, म्हणून ते कार्ड जातीच्या दाखल्याशेजारी पेटीत जपून ठेवलेलं असायचं. आता नोंदणी महास्वयम् पोर्टलवर होते. आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत मी विचारलं, तर जवळपास सगळ्यांची नोंदणी आहे. कशासाठी केली? "सर, अर्जात नंबर मागतात." तिथून कॉल आलाय, असं सांगणारं कोणी भेटलं नाही.

ही व्यवस्था आपल्याला परकी नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, १९४५ मध्ये, देशात सेवायोजन कार्यालयं सुरू झाली. आधी युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी आणि १९४८ पासून सर्वांसाठी. कुठे जागा रिकामी आहे ही माहिती सरकारने गोळा करावी आणि काम शोधणाऱ्यापर्यंत पोहोचवावी, इतकी साधी ती कल्पना. ज्याचा मामा कंपनीत मॅनेजर नाही, त्याच्यासाठी ती फार मोठी गोष्ट होती.

घोळ कायद्यातच आहे. १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांना आणि २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा कळवणं सक्तीचं केलं. पण त्याच कायद्यात लिहिलं होतं की जागा कळवली म्हणून कार्यालयामार्फतच माणूस घ्यावा असं बंधन नाही. आणि कळवलीच नाही तर? पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त ५०० रुपये. एवढ्या पैशात कुठल्या कारखानदाराची झोप उडणार? २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत कार्यालयाचं नाव 'करिअर सेंटर' झालं, पण त्यामार्फतच भरती करण्याची सक्ती तिथेही नाही.

सरकारी भरतीत कार्डाला वजन होतं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ कार्यालयाकडून नावं मागवू नका, जाहिरातही द्या. निकाल समान संधीच्या बाजूने होता, त्याबद्दल तक्रार नाही. पुढे सगळा भार जाहिरात आणि स्पर्धा परीक्षांवर गेला. आपली मुलं आजही तिथेच, एमपीएससी आणि पोलीस भरतीच्या रांगेत, वय निघून जाईपर्यंत उभी आहेत.

खासगी क्षेत्रात जागा आहेत, पण त्यांची खबर नात्यागोत्यातून फिरते. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी कंपन्यांना पाठवले. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. म्हणजे खबर लागली तरी पुढे आडनाव आडवं येतं. या दोन्ही ठिकाणी सार्वजनिक यंत्रणेने मध्ये उभं राहायला हवं. ती मात्र मेळावे भरवते. मेळाव्यात मुलाखती होतात, ऑफर लेटर वाटताना फोटो निघतात. सहा महिन्यांनी त्यातले किती जण कामावर टिकले, हे कोणी जाहीर करत नाही.

२०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेने बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये विद्यावेतन दिलं. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिने झाली. हातात पैसे आले, अनुभव आला, हे खरं. पण मुदत संपल्यावर नोकरीची हमी नव्हती आणि प्रशिक्षणार्थींना आंदोलनाला उतरावं लागलं.

आपल्याला करता येण्यासारखं एक काम आहे. जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडे माहिती अधिकारात तीन प्रश्न टाका. मागच्या वर्षी किती आस्थापनांनी तिमाही विवरणपत्र भरलं? किती रिक्त जागा कळवल्या? त्यातल्या किती जागांवर नोंदणीकृत उमेदवार लागले, आणि त्यात अनुसूचित जातीचे किती? अर्जाला दहा रुपये लागतात. उत्तर आलं की विहाराच्या फलकावर लावा.