शेणावरची वाटी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकाला हात लावू नये, असा कुठे नियम नाही. तरीही आपण तो नियम निष्ठेने पाळतो. विज्ञान हे विज्ञानवाल्यांचे, आणि आपले काम कविता, इतिहास, फार तर राज्यशास्त्र, अशी वाटणी आपण करून घेतली आहे. ही वाटणी चुकीची आहे, असे माझे मत गेल्या पावसाळ्यात झाले. त्याला कारण घडले आमच्या बेसा येथील गोठ्यातले शेण!

वनस्पतिशास्त्र शिकणारी माझी मावसबहीण सुटीत आली होती. तिने थोडे शिळे शेण ओल्या कागदावर ठेवले, वर काचेचे झाकण घातले आणि बशी खिडकीत ठेवून दिली. आजोबा म्हणाले, "शेणात काय पाहून राहिली बाई?" दहा-बारा दिवसांनी शेणावर मोहरीएवढ्या पिवळसर वाट्या उगवल्या. भिंगातून त्यांवर काळपट ठिपके दिसत. मी लगेच मोबाईलवर फोटो काढून नाव विचारले. तीनदा विचारले, तीन नावे मिळाली.

"वरून पाहून नाव कळत नाही," ताई म्हणाली. तिने पात्याने वाटीचा पातळ काप घेतला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून दाबला. मी डोळा लावला आणि गप्प झालो. पातळ तंतूंच्या दाटीत लांबट पिशव्या उभ्या होत्या आणि पिशवीपिशवीत आठ बीजाणू! कोवळे बीजाणू पारदर्शक, पिकलेले जांभळे. भिंगातून दिसलेले ठिपके म्हणजे याच पिकून वर आलेल्या पिशव्या. शेणावर अशा वाट्यांचे दोन जवळचे वंश सापडतात. सॅकोबोलसचे आठही बीजाणू एका गाठोड्यात चिकटलेले असतात, तर अ‍ॅस्कोबोलसचे सुटे. आमचे सुटे होते आणि त्यांवर बारीक रेघा होत्या. आयोडीनचा थेंब सोडताच पिशवीची भिंत निळी पडली. वंश अ‍ॅस्कोबोलस ठरला. जाती मात्र ठरली नाही. त्यासाठी पुष्कळ बीजाणू मोजावे लागतात आणि ताईची सुटी संपली होती. "जेवढे दिसले तेवढेच लिही," असे तिने मला बजावले.

आल्प्ससारख्या उंच पर्वतांत बर्फ वितळले की गेल्या वर्षीच्या वाळल्या काड्यांवर अशाच वाट्या येतात. काही तर मिलिमीटरपेक्षाही लहान. तिथेही ओळख पटते ती अशीच: काडी कोणत्या झाडाची, वाटीच्या काठावर केस कसे, बीजाणू केवढे, आयोडीनचा रंग कोणता. १९८७ साली बाराल या जर्मन अभ्यासकाने दाखवून दिले, की आयोडीनचे कोणते द्रावण वापरले यावरही उत्तर बदलते. म्हणजे पाहण्याची रीत चुकली तर डोळ्यांसमोरचेही दिसत नाही. आपल्याकडे १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. आज ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तिथे बुरशींचे वाळवलेले नमुने जपणारा संग्रह आहे आणि त्याला कवकशास्त्रज्ञ आजरेकरांचे नाव दिलेले आहे.

कोणी विचारील, याचा उपयोग काय? एक उपयोग शेतकऱ्याच्या घरात सांगावा लागत नाही. शेणाची माती करण्याच्या कामात या वाट्यांचाही हात असतो. त्यांचे बीजाणू उडून गवतावर पडतात, गवताबरोबर गाईच्या पोटात जातात आणि शेणातून पुन्हा उगवतात. दुसरा उपयोग आपल्या शाखेचा आहे. इतिहासाचा विद्यार्थी ऐकीव गोष्टीवर न थांबता मूळ कागद पाहतो, ती हीच सवय. फोटो पाहून नाव ठोकून देणे आणि आडनाव ऐकून माणसाविषयी मत ठोकून देणे यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या गाई चरत तिथे आता ले-आऊटचे दगड रोवले आहेत. दिवाळीनंतर आजोबांनी दोन्ही गाई विकल्या. गोठा रिकामा आहे. त्या वाटीची जात कोणती, हे आता आमच्या गोठ्यातून कधीच कळणार नाही. गावाचे शहर होणे थांबवा, असे मी म्हणत नाही. आम्हालाही पक्का रस्ता आणि नळ हवाच आहे. पण जे जाते आहे त्याची निदान नोंद व्हावी. ती करायला शास्त्रज्ञच आला पाहिजे असे नाही. पाहणारा आणि नीट मराठीत लिहिणारा माणूस पुरेसा आहे, आणि लिहिणे तर आपलेच काम!

म्हणून माझी गुरुजनांना विनंती आहे. आपल्या महाविद्यालयात एक साधा सूक्ष्मदर्शक घ्यावा आणि आठवड्यातून एक दुपार तो आम्हा कला शाखेच्या मुलांच्या हाती द्यावा. शेण आम्ही आणू. बेसा परिसरात अजून काही गोठे शिल्लक आहेत.