विश्लेषण : फोर बाय फोर गाडीसाठी कोणता जॅक सुरक्षित? टनांच्या आकड्यापलीकडे काय पाहावे?

घाटवाटा, नदीपात्र, वाळू आणि चिखल तुडवण्यासाठी घेतलेल्या फोर बाय फोर गाडीचे चाक पंक्चर झाले, की सारी भिस्त एका लहानशा अवजारावर येते. ते अवजार म्हणजे जॅक. तो विकत घेताना बहुतेक मालक खोक्यावर छापलेला टनांचा आकडा पाहतात. मात्र अशा गाड्यांच्या बाबतीत जॅक वजनाने मोडण्याचा धोका कमी आणि तो जमिनीत रुतण्याचा, कलण्याचा किंवा वरची गाडीच सरकण्याचा धोका अधिक असतो. त्यामुळे जॅकची निवड करताना गाडीची उंची, सस्पेन्शन, हँडब्रेकची रचना आणि पायाखालची जमीन या चारही गोष्टींचा विचार करावा लागतो.

हा प्रश्न आता महत्त्वाचा का?

काही वर्षांपूर्वीपर्यंत फोर बाय फोर गाड्या प्रामुख्याने लष्कर, पोलीस, वन विभाग आणि मोजके हौशी चालक यांच्याकडेच दिसत. २ ऑक्टोबर २०२० रोजी महिंद्रने नवी थार बाजारात आणली. २०२३ मध्ये मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी आली आणि १५ ऑगस्ट २०२४ रोजी थार रॉक्स. फोर्सची गुरखा आणि टोयोटाची फॉर्च्युनर याही या वर्गातील ओळखीच्या गाड्या. यामुळे ज्यांनी यापूर्वी केवळ छोटी मोटार चालवली, असे अनेक जण आता लडाख, स्पिती किंवा सह्याद्रीतील कच्च्या रस्त्यांवर उतरत आहेत. अनेक जण गाडी घेताच मोठे टायर आणि लिफ्ट किट बसवतात. कंपनीने दिलेला जॅक मात्र मूळ उंचीसाठी आणि सपाट, टणक जमिनीसाठी असतो. गाडीत बदल केला तरी जॅक तोच राहतो आणि ही तफावत पहिल्या पंक्चरला लक्षात येते.

दुसरी बाब स्टेपनीची. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये नियमांत बदल करून, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे किट असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना स्टेपनीच्या सक्तीतून मुभा दिली. त्यामुळे गाडीत स्टेपनी, जॅक आणि पाना आहे, हे गृहीत न धरता गाडी ताब्यात घेतानाच तपासणे आवश्यक ठरते.

साध्या मोटारीपेक्षा या गाड्या वेगळ्या कशा?

पहिला फरक उंचीचा. दुसरा आणि अधिक महत्त्वाचा फरक सस्पेन्शनचा. खडकाळ वाटेवर चाक जमिनीला धरून राहावे म्हणून या गाड्यांचे सस्पेन्शन बरेच खाली लोंबू शकेल असे बनवलेले असते. चासीखाली जॅक लावून गाडी उचलू लागले, की आधी केवळ सांगाडा वर जातो. चाक जमिनीवरच राहते. सस्पेन्शन पूर्ण सुटल्यावर मग चाक हलते. तोपर्यंत जॅक त्याच्या कमाल उंचीजवळ पोहोचलेला असतो आणि तिथे तो सर्वात अस्थिर असतो.

जॅक थेट ॲक्सलखाली लावला, तर हा प्रश्न राहत नाही. थोड्याशा उचलीतच चाक सुटते. जिम्नीला पुढे आणि मागे अखंड ॲक्सल आहे. थार आणि फॉर्च्युनरला तो मागे आहे, पुढची दोन्ही चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत. म्हणजेच एकाच गाडीत पुढे आणि मागे जॅक लावण्याची जागा वेगळी असू शकते. ती जागा गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेली असते. ॲक्सल गोल असल्याने त्याखाली सपाट डोक्याचा जॅक निसटू शकतो. त्यामुळे जॅकच्या डोक्याला खाच किंवा वाटीसारखा आकार असणे ही चैन नव्हे, गरज आहे.

टनांच्या आकड्याला किती महत्त्व द्यावे?

दोन ते सव्वादोन टनांच्या गाडीचे एक चाक उचलताना जॅकवर साधारण पाचशे ते सहाशे किलो भार येतो. सामान, टपावरचे कॅरिअर आणि उतार धरला तर तो वाढतो, तरीही दोन-तीन टन क्षमतेचा चांगला जॅक त्याला पुरतो. त्यामुळे पाच टनांऐवजी दहा टनांचा जॅक घेतल्याने सुरक्षितता दुप्पट होत नाही. उलट मोठ्या क्षमतेचा बॉटल जॅक मिटलेल्या अवस्थेतही उंच असतो आणि टायर बसल्यामुळे खाली आलेल्या ॲक्सलखाली तो शिरतच नाही.

स्थैर्याचे गणित अधिक महत्त्वाचे आहे. दहा सेंटिमीटर रुंद बैठकीच्या जॅकवर भाराची रेषा मध्यापासून पाच सेंटिमीटर सरकली, की ती बैठकीबाहेर जाते आणि जॅक कलंडतो. जॅक ४० सेंटिमीटर उंच असेल, तर त्यासाठी सुमारे सात अंशांचा कल पुरतो. तोच भार एक मीटर उंचीवर असेल, तर जेमतेम तीन अंश पुरेसे होतात. जॅक जितका बुटका ठेवून काम होईल तितके चांगले, ते यामुळेच.

जॅकचे कोणते प्रकार उपलब्ध आहेत?

सीझर जॅक : कंपनी देते तो हा कात्रीसारखा प्रकार. स्क्रूवर चालत असल्याने तेलगळतीचा प्रश्न नाही. मात्र बाजूने येणारा जोर त्याला सोसत नाही आणि उंची मर्यादित असते. बदल न केलेली गाडी, डांबरी रस्ता आणि पुस्तिकेत दाखवलेली जागा या तीन अटी पाळल्या तर तो पुरेसा आहे.

बॉटल जॅक : तेलाच्या दाबावर चालणारा, आटोपशीर आणि ताकदवान. अखंड ॲक्सलच्या गाडीसाठी तो सोयीचा. बैठक लहान असणे ही त्याची कमजोरी. मिटलेली आणि पूर्ण उघडलेली उंची मोजूनच तो घ्यावा. डिकीत तो उभा आणि घट्ट बांधून ठेवावा लागतो. वर्षानुवर्षे न वापरलेला बॉटल जॅक ऐन वेळी दाब धरत नाही, असा अनुभव नवा नाही.

ट्रॉली जॅक : गॅरेजमधील चाके असलेला जॅक. काँक्रीटच्या लादीवर याच्याइतका स्थिर दुसरा नाही. मात्र त्याचा हात वर जाताना कमानीत फिरतो, त्यामुळे भाराखाली संपूर्ण जॅक थोडा सरकणे गरजेचे असते. मातीत त्याची छोटी चाके रुतली, की जॅक सरकत नाही आणि डोके गाडीला एका बाजूला ओढू लागते. रुंद तळपत्री बसवलेले ट्रॉली जॅक मिळतात, पण ते जड असतात.

एअर जॅक : गाडीच्या धुरावर किंवा कॉम्प्रेसरवर फुगणारी जाड पिशवी. भार मोठ्या क्षेत्रफळावर पसरत असल्याने वाळूत आणि चिखलात ती उपयोगी. मात्र ती डुलते, अणकुचीदार दगडाने किंवा गरम सायलेन्सरने फाटू शकते. रुतलेले चाक उचलून खाली फळी सरकवण्यापुरताच तिचा वापर योग्य.

हाय-लिफ्ट जॅकबाबत सावधगिरी का?

ऑफ-रोडच्या छायाचित्रांत गाडीच्या बाहेर अडकवलेला लांबलचक जॅक हमखास दिसतो. अमेरिकेतील इंडियाना राज्यात ब्लूमफिल्ड येथे १९०५पासून तयार होऊ लागलेले हे अवजार तीन, चार आणि पाच फूट उंचीत मिळते. शेतातील खांब उपटण्यापासून तारा ताणण्यापर्यंत त्याचा उपयोग होतो. रुतलेली गाडी उचलण्यास ते प्रभावी असले, तरी नवख्याच्या हातात सर्वाधिक धोकादायक जॅक हाच.

याला कारणे तीन. एक, गाडी बंपरपाशी किंवा बाजूने उचलावी लागत असल्याने भार उंचावर आणि बैठक अरुंद असते. दोन, भाराखाली हात निसटला तर लांब दांडा वेगाने उसळतो. जबडा, दात आणि मनगट त्याच्याच वाटेत असतात. तीन, तो पायरी-पायरीने खाली येण्यासाठी त्यावर सुमारे ६८ किलोंचा भार असावा लागतो. भार त्याहून कमी झाला तर सरकता भाग एकदम तळाशी आदळतो. शिवाय आजच्या अनेक गाड्यांच्या प्लास्टिकच्या बंपरला तो लावताच येत नाही. त्यासाठी चासीला जोडलेले पोलादी बंपर किंवा बाजूचे मजबूत पाइप लागतात. ते नसताना केवळ शोभेसाठी तेराएक किलोंचे हे ओझे वाहण्यात अर्थ नाही.

जमीन मऊ असेल तर काय करावे?

सहाशे किलोंचा भार दहा बाय दहा सेंटिमीटरच्या बैठकीवर आला, तर जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला सहा किलोंचा दाब पडतो. टायरचा दाब साधारण सव्वादोन किलो असतो. म्हणजे ज्या मातीत टायर रुतला, त्याच मातीवर जॅक जवळपास पावणेतीन पट दाब देतो. गाडी वर जाण्याऐवजी जॅक खाली जातो तो यामुळे. त्याच जॅकखाली ३० सेंटिमीटर लांब-रुंद आणि न वाकणारी फळी ठेवली, तर दाब पाऊण किलोच्याही खाली येतो. फळी पातळ असेल तर ती मध्येच वाकते आणि उपयोग होत नाही. जाड प्लायवूडचा, साधारण एक इंची तुकडा ही या गाडीतील सर्वात स्वस्त सुरक्षा म्हणता येईल. दगडांची किंवा विटांची चळत हा त्याला पर्याय नाही. वीट भाराखाली अचानक फुटते आणि दगड निसटतो.

हँडब्रेक पुरेसा नाही का?

नाही. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक केवळ मागच्या चाकांवर चालतो. मागचे एक चाक उचलले, की गाडी धरून ठेवण्याचे काम उरलेल्या एकाच चाकावर येते. जुन्या विलीज जीप आणि जुन्या लँड रोव्हर यांच्यात तर हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागील शाफ्टवर असतो. अशा गाडीचे मागचे एक चाक उचलले, की शाफ्ट जखडलेला असूनही डिफरन्शियलमुळे हवेतील चाक उलट आणि जमिनीवरचे चाक सुलट फिरू शकते. हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते.

यावर उपाय म्हणजे गाडी सपाटीला आणणे, ज्या गाड्यांत मधला शाफ्ट पूर्ण जोडला जातो त्यांत फोर-लो टाकणे, गाडी गिअरमध्ये किंवा ऑटोमॅटिक असल्यास ‘पी’मध्ये ठेवणे आणि समोरासमोरच्या कोपऱ्यातील चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर लावणे. पुढचा आणि मागचा शाफ्ट जोडला गेल्यावर जमिनीवरची चाके एकमेकांना धरून ठेवतात. याउलट ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये राहिली, तर गिअर किंवा ‘पी’ यांचा काहीही उपयोग होत नाही, कारण चाकांचा गिअरबॉक्सशी संबंधच तुटतो. नट जॅक लावण्यापूर्वीच अर्धा फेरा सैल करावेत, म्हणजे उचललेल्या गाडीला हिसके बसत नाहीत.

जॅक स्टँडने धोका संपतो का?

कमी होतो, संपत नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. गाडीखाली शिरायचे असेल तर स्टँड हवाच. परंतु २०२० मध्ये अमेरिकेतील हार्बर फ्रेट या साखळी दुकानांनी सुमारे १७ लाख जॅक स्टँड परत मागवले. त्यांतील काहींचे दाते नीट अडकत नसल्याने भाराखाली स्टँड अचानक खाली येण्याची शक्यता होती. बदली म्हणून दिलेल्या काही स्टँडमध्येही पुढे दोष आढळला. त्यामुळे काढलेले चाक किंवा स्टेपनी चासीखाली आडवी सरकवून ठेवण्याची जुनी सवय आजही योग्य ठरते. गाडी पडलीच, तर ती माणसावर न पडता चाकावर अडते.

दर्जाच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाने वाहनांचे जॅक, ट्रॉली जॅक आणि स्टँड या तिन्हींसाठी सुरक्षा मानके सक्तीची केली आहेत. अमेरिकेत एएसएमई या अभियंत्यांच्या संस्थेचे मानक वापरले जाते. जॅकवर क्षमता, किमान-कमाल उंची आणि उत्पादकाचे नाव स्पष्ट कोरलेले नसेल, तर तो न घेणेच बरे.

मग निवड कशी करावी?

दुकानात जाण्यापूर्वी दोन मापे घ्यावीत. टायरमधील हवा पूर्ण गेल्यावर जॅक लावण्याची जागा जमिनीपासून किती उंच राहते, हे पहिले. मिटलेला जॅक त्याहून बुटका हवा. हवा भरलेली स्टेपनी बसवण्यासाठी तीच जागा किती वर न्यावी लागते, हे दुसरे. जॅक कमाल उंचीआधीच तिथवर पोहोचायला हवा. टायरचा व्यास पाच सेंटिमीटरने वाढवला तर ॲक्सल अडीच सेंटिमीटर वर जातो. त्यामुळे टायर बदलल्यावर मापे पुन्हा घ्यावी लागतात.

अखंड ॲक्सल असलेल्या गाडीला खाचेच्या डोक्याचा दोन-तीन टनी बॉटल जॅक, एक जाड फळी आणि दोन पाचरी एवढे साहित्य बहुतेक प्रवासांना पुरते. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल, तर कंपनीचा जॅकही सोबत राहू द्यावा. समृद्धी किंवा मुंबई-पुणे यांसारख्या द्रुतगती महामार्गावर मात्र कोणताही जॅक सुरक्षित नाही. तिथे मागून येणारे वाहन हाच मोठा धोका असतो. गाडी शक्य तितकी कडेला घेऊन, प्रवाशांना कठड्यापलीकडे पाठवून मदत बोलावणे योग्य. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

हे सारे साहित्य घेतल्यावर एका रविवारी घराजवळच्या सपाट जागेत चारही चाके एकेकदा काढून पुन्हा बसवून पाहावीत. जॅक कुठे लागतो, पाना कोणत्या नटावर अडतो आणि स्टेपनी एकट्याला उचलते का, याची उत्तरे तिथेच मिळतात. पावसात, उतारावर आणि अंधारात ती शोधण्याची वेळ येऊ नये.