गाठ निरुपद्रवी, पुढे काय?

स्तनातील गाठ म्हटली की ती कापून काढलीच पाहिजे, ही समजूत आपल्या सुशिक्षित वर्गातही घट्ट रुजलेली आहे. वस्तुतः सुईने तुकडा काढून केलेल्या परीक्षणात अनेक गाठी निरुपद्रवी ठरतात. लहानशी फायब्रोअ‍ॅडिनोमाची गाठ असेल, आणि हाताची तपासणी, सोनोग्राफी व सुईचा अहवाल हे तिन्ही परस्परांशी जुळत असतील, तर तिच्यावर केवळ नजर ठेवणे शास्त्रसंमत आहे. दुग्धनलिकेतील लहान पॅपिलोमाबाबतही शल्यक्रियेचा आग्रह अलीकडे सैलावला आहे. पेशींच्या रचनेत विकृती दिसली, अहवालांचा मेळ बसला नाही, वा गाठ झपाट्याने वाढू लागली, तर मात्र ती काढावी. तेथे काटकसर नको.

‘सहा महिन्यांनी या’ हा सल्ला कागदावर बिनखर्ची असतो. सुरगाण्याहून नाशिकला येणाऱ्या मजूर स्त्रीला त्यापायी दिवसाचा रोज बुडवावा लागतो, एस.टी.चे भाडे (२०२३ पासूनची महिलांची सवलत धरूनही) निराळेच. मग ती एक तर परतत नाही, किंवा कर्ज काढून अनावश्यक शस्त्रक्रिया करून घेते.

पाठपुरावा आपल्याकडे अशक्य आहे, हे म्हणणे टिकणारे नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे मागोवा घेतला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी केली. पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. फेरतपासणीची नोंदवही ग्रामीण रुग्णालयात ठेवावी, आणि तारखेची आठवण देण्याचे काम आशा सेविकेकडे सोपवावे. अर्थात स्वतंत्र मोबदल्यासह.