जाईचा पाला, मध आणि आपण नातेवाईक

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. विषय कडू आहे आणि आमच्या घरातले पुष्कळजण हे पान वाचतात, त्यामुळे काहींना राग येणार हे धरूनच चाललोय. राग आला तर फोन करा, भांडू. पण आधी शेवटपर्यंत वाचा.

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या थोरल्या काकांना, तोंडाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं आणि मग मुंबईत रेडिएशनचे ३० दिवस ठरले. (आमच्याकडे सगळे 'शेक' म्हणतात.) सोमवार ते शुक्रवार, असे सहा आठवडे. रत्नागिरीहून रोज जाऊन येणं शक्य नाही, त्यामुळे अण्णा-काकू मुंबईत खोली घेऊन राहिले आणि आम्ही पुतणे आळीपाळीने कोकणकन्येने ये-जा करायचो.

तिसऱ्या आठवड्यात अण्णांचं तोंड आलं. 'तोंड आलं' हा शब्द इथे अगदीच तोकडा आहे. आपलं तोंड येतं तेव्हा एखादा फोड असतो. इथे तोंडाच्या आतलं सगळं अस्तर सोलवटतं. या अस्तराच्या पेशी सतत मरतात आणि नव्या येतात. रेडिएशनमुळे नव्या येणं मंदावतं आणि खालचं मांस उघडं पडतं. थुंकी गिळतानाही माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं.

आणि मग नातेवाईक आले!

जाईचा पाला चावा. पेरूची पानं उकळून चुळा भरा. कात तुपात कालवून लावा. (कात तर आमच्याच जिल्ह्यातला, खैराचा. आणि हाच कात पानात आणि गुटख्यात जातो, हे कोणाच्या लक्षात येत नाही.) हळद, जेष्ठमध, त्रिफळा, कोरफड, तुरटी... प्रत्येकाकडे एक उपाय आणि प्रत्येक उपायामागे बरा झालेला एक माणूस. त्या माणसाला नक्की काय झालं होतं, हे विचारायचं नाही. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, "अरे, झाडपाल्याचंच आहे, त्याने अपाय थोडाच होणार?"

माझं भांडण या वाक्याशी आहे.

एका 'जाणकारा'ने दिलेली एक पुडी रत्नागिरीहून अण्णांसाठी नेली होती. कोणी नेली? मीच नेली. टाकणखाराची लाही होती, आणखीही काहीबाही होतं, मधातून लावायचं. काकूंनी रात्री लावली. अण्णा रात्रभर कळवळत होते. दुसऱ्या दिवशी पाणीही पोटात जाईना, मग सलाईन, आणि शेकाचे चार दिवस बुडाले. त्या पुडीमुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, तोंड त्या आठवड्यात चिघळणारच होतं. पण डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही लावलंत का?" तेव्हा आम्ही तिघेही एका सुरात "नाही" म्हणालो. याची लाज मला अजून वाटते.

चार दिवस बुडाले तर काय एवढं, असं वाटेल. डोक्या-मानेच्या कॅन्सरात रेडिएशन लांबलं की गाठ पुन्हा जोर धरते. लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एका टक्क्याने, किंवा थोडी जास्तच, घटते. म्हणजे तोंड सांभाळणं हे नुसतं आरामापुरतं नाही, उपचार वेळेत पुरे होण्यासाठी आहे.

मग झाडपाला, घरगुती सगळं खोटं का? मुळीच नाही. मधाचंच घ्या. २००३ साली मलेशियात ४० रुग्णांवर अभ्यास झाला, शेकाच्या आधी आणि नंतर तोंडात मध फिरवून गिळायचा. मध घेणाऱ्यांचं तोंड कमी चिघळलं. पुढे २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये महागडा मनुका मध देऊन पाहिला, त्यात फायदा दिसला नाही. सगळं एकत्र पाहून या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मधाला सावध होकार दिला. पण मध म्हणजे साखर. रेडिएशनने लाळ आटते, आणि लाळ नसलेल्या तोंडात दात भराभर किडतात. म्हणजे मधातही 'पण' आहेच.

हळदीच्या गुळण्यांचाही अभ्यास झालाय, आपल्या शेजारी मंगळूरला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. निकाल आशादायक होता, पण रुग्ण ८०च्या आसपासच. आशा वाटायला तेवढे पुरतात, खात्री व्हायला नाही.

आणि हे वाचा. कॅनडात ५४० रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना रेडिएशनच्या काळात जीवनसत्त्व 'ई'च्या गोळ्या दिल्या (काहींना जोडीला बीटा कॅरोटिनही). निष्कर्ष २००५ मध्ये आले. जोडगोळी घेणाऱ्यांना रेडिएशनचा त्रास कमी झाला, पण आजार उलटण्याचं प्रमाण वाढीकडे झुकलेलं दिसलं! जे तोंडाला वाचवतं ते गाठीलाही वाचवू शकतं. 'अँटिऑक्सिडंट आहे, घ्या' म्हणत डबे पाठवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

जेष्ठमधही जास्त झाला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. हळदीने तोंड पिवळं, काताने लाल झालं की आत बुरशीचा पांढरा थर धरलाय का, हे डॉक्टरांना दिसणार कसं?

डॉक्टरांवरही माझा राग आहेच. "बाहेरचं काही घेऊ नका" एवढं म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारली, की लोक थांबत नाहीत, लपवतात. दोन मिनिटं बसून 'मध चालेल, अमुक नको' असं सांगितलं असतं तर ती पुडी मी नेलीच नसती. वेळ नसतो, मान्य. पण लपवाछपवीची निम्मी जबाबदारी तिथे जाते.

अण्णांना शेवटी उपयोगी पडलं ते अगदी साधं होतं. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा, दिवसातून सहा-आठ वेळा चुळा. मऊ ब्रश. डॉक्टरांनी लिहून दिलेली बेंझिडामिनची गुळणी. आणि वेदनेसाठी मॉर्फिन, ज्याचं नाव ऐकूनच अर्धं घर घाबरलं होतं. जेवणात मीठ बेताचं घातलेली भाताची पेज, नाचणीचं सत्त्व, गार दूध. सोलकढी मात्र नाही, ती झोंबते. अण्णांना याचंच सर्वांत जास्त वाईट वाटलं.

तेव्हा नातेवाईकहो, हात जोडून सांगतो. पाला नेण्याआधी डॉक्टरांना दाखवा, पुडीत काय आहे ते सांगता येत नसेल तर नेऊच नका. काहीतरी करावंसं वाटतं हे मला कळतं, मीही त्याच पोटी पुडी नेली होती. पण त्या सहा आठवड्यांत काकूंना उपाय नको होते. पहाटे उठून पेज करणारं, रात्री दोनला चुळेचं पाणी कोमट करून देणारं माणूस हवं होतं. उपाय सांगायला सतराजण होते, रात्रीला थांबायला दोघंच.

अण्णा आता बरे आहेत. तोंड कोरडं पडतं, पाण्याची बाटली सतत हाताशी लागते. परवा पहिल्यांदा वाटीभर सोलकढी प्यायले, मिरची न घातलेली. "फिकी आहे," म्हणाले, आणि अजून मागितली.