पहिले बाळ लवकर झाले होते, हे पहिल्याच तपासणीला सांगा

आपल्या वस्त्यांत सातव्या-आठव्या महिन्यात बाळंत झालेल्या बायका कमी नाहीत. बाळ जगले तर घरचे ती गोष्ट विसरतात आणि गेले तर तिचे नावही काढत नाहीत. पुन्हा दिवस गेले की नव्या डॉक्टरांपुढे बाई फक्त ‘दुसरी खेप’ एवढेच सांगते. हे गप्प बसणे महागात पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी बाळंतपण झाले, तर ते अपुऱ्या दिवसांचे. एकदा असे झालेल्या बाईला पुढच्या वेळी तसेच होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा साधारण दीडपट ते दुप्पट असतो. आधीचे बाळ जितके जास्त लवकर झाले, तितका हा धोका मोठा. तरीही बहुतेक जणींचे पुढचे बाळ पूर्ण दिवसांचे होते. म्हणून घाबरायचे नाही, पण लपवायचेही नाही.

लपवावे लागते, कारण दोष सुनेवर येतो. ‘हिच्या कुशीतच खोट आहे’, ‘बाहेरचे लागले’ असे म्हणत काही घरांत आजही अंगारा आणि गंडा निघतो. प्रत्येक गोष्टीला कारण असते, असे सांगणाऱ्या तथागतांच्या घरात हे शोभत नाही. लघवीतला जंतुसंसर्ग, अंगात रक्त कमी असणे, मिश्री-तंबाखू, वाढलेला बीपी, जुळे, गर्भपिशवीचे तोंड आखूड असणे, अशी कारणे असतात. कधी कारण सापडतही नाही. पण दोष बाईचा नसतो. ‘सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही’ हीसुद्धा खोटी समजूत आहे. बाळ पोटात जितके आठवडे जास्त राहील, तितके त्याचे बळ वाढते.

मग करायचे काय? आधीच्या बाळंतपणाचे डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. त्यावरून दोन गोष्टी विचारून घ्या: बाळ कितव्या आठवड्यात झाले आणि कशामुळे? कळा आपोआप आल्या, आधी पाणी गेले, की बीपीमुळे डॉक्टरांनी लवकर बाळंतपण केले? कारणाप्रमाणे उपाय बदलतो. गर्भपिशवीचे तोंड आखूड होत असेल, तर ते १६ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफीत दिसते. मग काहींना प्रोजेस्टेरॉनचे औषध, काहींना तोंडाला टाका देतात. बीपीचा त्रास झालेल्या काही जणींना १६ आठवड्यांच्या आत अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी सुरू करतात. हे सगळे डॉक्टरांनीच ठरवायचे, पण आधीचे कळले तरच ते ठरवू शकतात. पाचव्या महिन्यात नाव नोंदवले, तर काही उपायांची वेळ निघून गेलेली असते.

दोन बाळंतपणांत अंतर हवे. एक मूल झाल्यावर पुढचे दिवस राहायला किमान दोन वर्षे जाऊ द्यावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळ गेले की ‘लगेच दुसरे होऊ द्या’ असा आग्रह सासर-माहेर दोघेही धरतात. तो प्रेमापोटी असला, तरी बाईचे शरीर भरून यायला वेळ लागतो. तांबी, अंतरा इंजेक्शन, निरोध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. ही जबाबदारी नवऱ्याचीही आहे.

गरोदर बाईला विश्रांती मिळणे देशाच्याच हिताचे आहे, असे बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाच्या बाजूने मांडले होते. आज धुणीभांडी आणि बिगारी करणाऱ्या आपल्या बहिणींना पगारी रजा मिळत नाही. तेव्हा निदान घराने तरी त्यांना विसावा द्यावा. पाण्याचे हंडे दुसऱ्या कोणी भरावेत. नऊ महिने खाटेवर पडून राहा, असे आम्ही म्हणत नाही. त्याने बाळंतपण लांबते, असे सिद्ध झालेले नाही. जड ओझे आणि दिवसभर उभे राहणे तेवढे टाळावे.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. आशाताईंना आधीची हकीकत सांगून कार्डावर ‘जोखमीची माता’ अशी नोंद करून घ्या. दिवस भरण्याआधी पोट पुन्हापुन्हा आवळू लागले, कंबर भरून आली, पाणी किंवा रक्त गेले, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि नवजात बालकांचा कक्ष असलेले रुग्णालय गाठा. वेळेत पोहोचले तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होण्यासाठी आईला इंजेक्शन देता येते.

विहारातल्या महिला मंडळांना आमची विनंती आहे. वस्तीत कोणाचे बाळ आधी अपुऱ्या दिवसांचे झाले होते, हे तुम्हाला माहीत असते. त्या बहिणीला पुन्हा दिवस गेले, तर पहिल्या तपासणीला तिच्यासोबत जा.