कडबा, काटक्या आणि चूल
महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात चूल आणि गोठा एकाच शेतावर पोसले जातात, आणि म्हणूनच तेथे पिकाची निवड करताना धान्याइतकाच त्याच्या ताटांचाही विचार होतो. कणसे खुडून घेतल्यावर उरणारी ज्वारीची वाळलेली ताटे, म्हणजेच कडबा, हा बैल-म्हशींचा उन्हाळ्यातला मुख्य आधार असतो. उलट कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या जनावरे खात नसल्याने त्या घराच्या भिंतीला टेकवून जळणासाठी राखल्या जातात. 1964 मध्ये सीएसएच-1 हा संकरित ज्वारीचा वाण आला आणि धान्याचे उत्पन्न वाढले, परंतु सोलापूर पट्ट्यातील रब्बी शेतकऱ्याने उंच, गोड कडब्याच्या मालदांडी ज्वारीला सोडले नाही, यामागे हाच हिशेब होता. पुढे मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली. हाती रोकड आली, पण कडब्याच्या तोडीचा चारा मात्र मिळाला नाही. शेणाचीही अशीच ओढाताण होते, कारण जे शेण गोवरी होऊन चुलीत जाते, त्यातील नत्र धुराबरोबर उडून जाते आणि जमीन त्याला मुकते, तर गोबरगॅसच्या टाकीत इंधन मिळूनही खत म्हणून रबडी, म्हणजे पातळ मळी, शिल्लक राहते. 2016 च्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर घरोघरी पोचला, तरी अंघोळीच्या पाण्याखाली आजही पऱ्हाटीच पेटते, कारण ती विकत आणावी लागत नाही.